थकलेला कर कमी रकमेत मिटविणे : कितपत न्यायाचे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो आणि तेच आमचे काम आहे. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. तसे करण्यास कारण घडले, ते आधी सांगतो.

गळीत हंगाम आटोपल्यावर गटवार सभासद मेळावे झाले. एका गावी आम्ही खोडव्यातील पाचट न जाळता कुजवावे कसे, ते सांगत होतो. मागच्या बाजूने एक सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, पाचटाचं ऱ्हाऊ द्या. सरकारनं यापाऱ्याचा थकलेला कर शंभराला वीस घेऊन मिटवला. आपल्या कारखान्याचा इन्कमटॅक्स तर पार पुसला. मग आमच्याकडं बेण्या-खताची उधारी थकलीया, तीबी वीस टक्क्यात मिटवा की!" मोठा हशा पिकला. तो ओसरतो न ओसरतो तोच पुढे बसलेल्या एका वयस्क भगिनी सभासद बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "म्हंजे आमी दरसाल बिलातनं कापून दिली, ती येडी म्हणून?"

यावर कोणी हसले नाही. आम्हांलाही त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. पाचटाचा विषयही तिथेच राहिला.

उधारीच्या एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आलेला आहे आणि तो येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. तेव्हा त्या दोघांच्या बोलण्याचा नीट विचार करणे भाग आहे. आम्ही काही कायदेपंडित नव्हे. शेतकी पदविका घेऊन बांधावर फिरणारी माणसे आहोत. परंतु वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पातील घोषणा आणि न्यायालयांचे निकाल चाळून, आणि लेखा विभागातील सहकाऱ्यांना त्रास देऊन, जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

कारखान्याचा इन्कमटॅक्स खरोखरच माफ झाला काय?

प्रथम हे बघू, कारण यात आपलाच पैसा गुंतलेला होता.

जुन्या सभासदांना आठवत असेल, की पूर्वी केंद्र सरकार उसाचा किमान वैधानिक दर जाहीर करीत असे. १९७४ साली भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून ऊस नियंत्रण आदेशात ५-अ हे कलम आले. साखर विकून जादा पैसा आला तर त्यातील वाटा ऊस पुरविणाऱ्यालाही मिळावा, हा त्याचा अर्थ. २००९ साली किमान दर जाऊन रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफ.आर.पी. म्हणतो तो आला आणि ५-अ कलमही गेले. तथापि मधल्या काळात आपल्याकडील सहकारी कारखाने किमान दरापेक्षा बरेच जास्त देत असत. पहिली उचल, दुसरा हप्ता, मग दिवाळीचा हप्ता, असे करीत करीत अंतिम दर निघे.

आयकर खात्याने यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : किमान दरापर्यंत दिलेला पैसा हा उसाची किंमत, म्हणजे खर्च. त्यावर जे दिले तो खर्च नव्हे, तर कारखान्याचा नफा मालकांना, म्हणजे सभासदांना वाटला. नफ्यावर कर पडतो, म्हणून तो भरा. कारखाने म्हणाले, आम्ही दिली ती उसाचीच किंमत. गेटकेनने येणाऱ्या बिगर-सभासदाच्या उसालाही आम्ही तोच दर देतो, मग त्यालाही नफा वाटला म्हणायचे काय?

नोटिसांवर नोटिसा आल्या. मागणीवर व्याज चढत गेले. आपल्या वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या शेवटी 'संभाव्य देणी' म्हणून बारीक अक्षरात एक टीप असे. ती कोणी वाचत नसे, पण तिच्यातील आकडा दरवर्षी वाढत असे. प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१२ साली त्या न्यायालयाने ती फेरतपासणीसाठी परत पाठविली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात निकाल लागला. अंतिम दर आणि किमान दर यांतला सगळाच फरक काही नफा नव्हे. मात्र त्यात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढा नफावाटप समजावा, आणि तो अंश किती हे कर अधिकाऱ्याने हिशेब पाहून ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्यांना सगळे दिले नाही, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या भाषणांत हा भाग गाळला जातो. खात्याच्या म्हणण्यातही तथ्य होते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. कारखान्याने आपला सगळा नफा 'दर' या नावाने सभासदाला दिला, तर तो कारखान्याच्या हातीही कराच्या बाहेर आणि सभासदाच्या हातीही कराच्या बाहेर. एखाद्या नोकरदाराने 'हे कसे?' म्हणून विचारले, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

दरम्यान २०१५ च्या अर्थसंकल्पात कायदाच बदलला. सरकारने ठरविलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत सहकारी कारखान्याने उसाला दिलेला पैसा हा खर्च धरावा, असे झाले. परंतु ते पुढच्या काळापुरते, २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून. मागचा डोंगर तसाच राहिला. तो २०२३ च्या अर्थसंकल्पात हलला. २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांतही उसाला दिलेला पैसा खर्च म्हणून मागण्याची संधी कारखान्यांना दिली गेली. त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असा अंदाज अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितला.

आता हे 'कर पुसणे' झाले काय? आमच्या मते, तंतोतंत तसे नव्हे. यात शंभराच्या जागी वीस घेऊन सौदा झालेला नाही. 'ही रक्कम देणेच लागत नव्हती' असे कायद्याने मागे जाऊन म्हटले, आणि तेही सरकारने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापुरतेच. त्यावर कोणी दिले असेल तर तो वरचा भाग या सवलतीत येत नाही. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या कारखान्याचा हा खर्च पूर्वी नामंजूर झाला होता, त्याने अर्ज करावयाचा आणि त्या वर्षाचे उत्पन्न नव्याने मोजून घ्यावयाचे, अशी ही तरतूद आहे. त्याने तेव्हा कर भरला होता की थकविला होता, असा भेद त्यात नाही. भरला असेल तर जादा भरलेले परत मागता येते. थकविणारा आणि भरणारा यांना एकच माप लागले.

हे माप ध्यानात ठेवा. पुढे पुन्हा लागणार आहे.

व्यापाऱ्यांची अभय योजना

आता त्या सभासदाच्या वीस टक्क्यांकडे येऊ. ही गोष्ट विक्रीकराची, म्हणजे नंतरच्या मूल्यवर्धित कराची, त्या व्हॅटची. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला आणि जुने कायदे मागे पडले, पण त्यांखालील थकबाकीची दप्तरे कपाटांत तशीच राहिली. राज्य सरकारने ती मिटविण्यासाठी २०१६ साली, मग २०१९, २०२२ आणि २०२३ साली कायदे केले. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव अभय योजना.

या योजनांत थकबाकीचे दोन ढीग केलेले असतात. एक अविवादित, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतःच विवरणपत्रात देणे दाखविले पण भरले नाही. दुसरा विवादित, म्हणजे खात्याने आदेश काढून मागितले आणि व्यापारी म्हणतो हे मला लागत नाही. २०१९ आणि २०२२ या दोन्ही कायद्यांत अविवादित कर शंभर टक्के भरावाच लागत होता. सूट होती ती विवादित करात, आणि व्याज व दंडात. हे आमच्या त्या सभासदाला ठाऊक नव्हते. खरे म्हणजे आम्हांलाही नव्हते.

ही वाटणी आम्हांला योग्य वाटते. आपण बाजारात इंजिन घेतो, पी.व्ही.सी. पाइप घेतो. बिलात कर लावलेला असतो आणि तो आपण दुकानदाराला देतो. तो पैसा दुकानदाराचा नव्हेच. तो आपला, सरकारकडे पोचविण्यासाठी त्याच्या हाती दिलेला. तो त्याने गल्ल्यात ठेवला आणि सरकार म्हणाले, बरे, अर्धाच दे, तर ती सूट आपल्या खिशातून दिली गेली. त्यात न्याय नाही.

विवादिताची गोष्ट निराळी. त्यातला एक प्रकार पाहा. व्हॅटमध्ये खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळे. एका सरकी-जिनिंगवाल्याने माल घेतला, बिलाप्रमाणे कर विक्रेत्याला दिला. विक्रेत्याने तो सरकारात भरलाच नाही, किंवा विक्रेता म्हणून जो होता तो केवळ बोगस बिले फाडणारा निघाला. मग खात्याने खरेदीदाराची वजावट नाकारली आणि कर पुन्हा मागितला. विक्रेत्याने भरला तरच वजावट, ही कायद्यातील अट मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात वैध ठरविली. कायद्याने ते बरोबर असेलही, पण ज्याने खरोखर एकदा कर दिला होता त्याच्यावर दुसऱ्यांदा कराची आणि वर व्याज-दंडाची मागणी बसली. अशा माणसाला वीस टक्क्यांत सोडले तर आम्ही म्हणू, वीसही का घेतले? उलट, जो स्वतःच बोगस बिलांच्या टोळीत होता तोही त्याच ढिगात बसला आणि त्यालाही वीसच टक्के. दप्तरावर दोघांची आकडेमोड सारखीच दिसते. तण आणि ऊस एकाच सरीत असताना वरून औषध मारावे, तसा हा प्रकार. खुरपणीला माणूस लागतो, आणि माणूस नाही म्हणूनच तर योजना आणली होती!

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ च्या योजनेत एका वर्षाची दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी सरळ माफ केली. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तेवढ्या रकमेसाठी नोटीस, सुनावणी, अपील आणि त्यामागे चार माणसांचा पगार, म्हणजे बैलापेक्षा दावे महाग. दुकान बंद झालेले, मालक वारलेला, वारस कुठे ते माहीत नाही, अशी खातीही असतात. मेलेल्या खात्यावर व्याज चढवीत राहिले म्हणून तिजोरीत पै येत नाही. येईल तेवढे घेऊन वही मिटवावी, यात शहाणपण आहे.

परंतु पुढची गोष्ट ऐका. २०२२ च्या योजनेत आदेशानुसार दहा लाखांपर्यंत थकबाकी असेल तर एकरकमी २० टक्के भरून सुटका होती. समजा, तालुक्याच्या गावी दोन दुकानदार आहेत. दोघांवरही जुन्या वर्षाचा दीड-दीड लाखाचा विवादित आदेश आहे. पहिल्याने विचार केला, सरकारने संधी दिली आहे, मिटवून टाकू. त्याने ३०,००० रुपये भरले. दुसऱ्याने काहीच केले नाही. २०२३ साली नवी योजना आली. तीत एका वर्षाची दोन लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ, आणि २० टक्क्यांची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर. दुसरा दुकानदार एक पैसाही न देता मोकळा झाला. पहिल्याचे ३०,००० परत मिळाले काय? नाही. या योजनांत भरलेल्या पैशाचा परतावा नसतो. आणि तिसरा एक दुकानदार, ज्याने आदेश येताच कटकट नको म्हणून पूर्ण दीड लाख भरले होते, त्याचे नाव तर या गोष्टीत कुठेच नाही.

म्हणजे ज्याने जितके लवकर भरले तितके त्याचे जास्त गेले. मेळाव्यातील त्या भगिनी सभासदांनी एका वाक्यात जे विचारले ते हेच. उसाच्या आयकराचे प्रकरण आणि हे प्रकरण यांत फरक पडतो तो नेमका इथे. तिथे भरणाऱ्यालाही मागे जाऊन तेच माप मिळाले. इथे भरणारा आहे तिथेच राहिला.

काळ्या पैशाला बक्षीस

वरचे दोन्ही प्रकार निदान वह्यांत लिहिलेल्या करापुरते होते. जो कर वहीत आलाच नाही, उत्पन्नच दडविले, त्याच्याशीही सरकारने सौदे केलेले आहेत. ते थोडक्यात सांगतो.

१९८१ साली केंद्र सरकारने विशेष धारक रोखे काढले. दहा हजारांचा रोखा घ्यावा, दहा वर्षांनी बारा हजार मिळतील आणि पैसा कुठून आणला हे कोणी विचारणार नाही. व्याज अगदीच कमी, पण काळा पैसा गोरा होत होता. याविरुद्ध आर. के. गर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी कायदा वैध ठरविला. एखादा कायदा नीतीला धरून नाही एवढ्यावरून तो घटनाबाह्य ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी मात्र वेगळे मत दिले. कर चुकविणाऱ्याला प्रामाणिक करदात्यापेक्षा वरचढ वागणूक देणे हे समानतेत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. निकाल बहुमताचा लागतो, परंतु त्या एका न्यायाधीशाचे मत आणि आमच्या मेळाव्यातील त्या माउलीचे मत एकच आहे, असे आम्हांला दिसते.

पुढे १९९७ साली स्वेच्छा उत्पन्न प्रकटन योजना आली. दडविलेले उत्पन्न सांगा, व्यक्तीने ३० टक्के आणि कंपनीने ३५ टक्के कर भरा. व्याज नाही, दंड नाही, खटला नाही. पैसा पुष्कळ जमला. पण जुन्या सोन्या-चांदीची किंमत १९८७ च्या भावाने धरण्याची मुभा होती. मग काय, घरोघरचे सोने जुनेच निघाले! नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेवर फार कडक ताशेरे ओढले. ज्या पगारदारांचा कर त्या काळात दरमहा पगारातूनच कापला गेला होता, त्यांना काय वाटले असेल ते वेगळे सांगावयास नको. ऊसबिलातून कपात होणाऱ्या सभासदाला ते लगेच समजेल.

आपली उधारी

कर्जमाफीचा अनुभव आपल्या सर्वांनाच आहे. त्यात फार शिरत नाही. कर्ज म्हणजे कर नव्हे. एवढेच नमूद करतो, की २००८ च्या केंद्राच्या माफीत ३१ डिसेंबर २००७ ला थकीत असणाऱ्याला लाभ झाला आणि सोसायटी वेळेवर भागविणारा कोरडा राहिला. त्यावरून गावोगाव जी बोलणी झाली ती सरकारपर्यंत पोचली असावीत. कारण राज्याच्या २०१७ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत, आणि २०१९ च्या योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठेवली गेली. ही सुधारणा आहे, पूर्ण न्याय नव्हे. थकविणाऱ्याला दोन लाख आणि भरणाऱ्याला पन्नास हजार, हा हिशेब शाळेतील पोरालाही खटकेल. पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

आता आपल्या दारातले. शेती विभागामार्फत बेणे, रोपे, खते, औषधे उधारीवर दिली जातात आणि ऊसबिलातून कापून घेतली जातात. बहुसंख्य सभासदांची कपात बिनबोभाट होते. जी थकलेली आहे तिच्याकडे आम्ही अलीकडे खाते-निहाय पाहिले. ती सगळी एका जातीची नाही.

काही नोंदी मुळातच चुकीच्या आहेत आणि ही चूक आमच्या खात्याची आहे, हे येथे लिहून देतो. दहा पोती नेली तिथे बारा लिहिली, एका भावाची नोंद दुसऱ्याच्या नावावर पडली, गट नंबर बदलला. एका सभासदाला फुले २६५ चे म्हणून बेणे दिले, ते निम्मे उगवलेच नाही, आणि उधारी मात्र पूर्ण लागली. त्यांनी तक्रार केली होती. तिचा कागद आमच्याकडच्या फायलीत सापडला, चार वर्षांनी. अशा खात्यांवर वीस टक्के काय, काहीच मागू नये. नोंद दुरुस्त करावी आणि ज्याने चुकीची रक्कम निमूटपणे भरली असेल त्याला ती परत द्यावी.

काही खाती २०१९ च्या महापुरातली आहेत. उभा ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली राहून कुजला. कारखान्याला ऊस आला नाही, बिल झाले नाही, कपात कशातून होणार? काही सभासद वारले, जमिनी विकल्या गेल्या. यांच्या बाबतीत व्याज सोडावे आणि मुदलाचे हप्ते करावेत, किंवा जे येईल ते घेऊन खाते मिटवावे. इथे तडजोड ही सवलत नाही, वस्तुस्थितीची कबुली आहे.

आणि काही खाती अशी आहेत की बेणे आपले, खत आपले, नोंद आपली, आणि ऊस मात्र रात्रीतून दुसऱ्या कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला. कशासाठी, तर कपात चुकावी म्हणून. चिटबॉय शेतावर गेला तेव्हा फडात नुसती पाचट. यांनाही शंभराला वीस लावा, असे म्हणणारे संचालक मंडळाबाहेर पुष्कळ आहेत. आतही थोडे असतील. वसुली तरी होईल, असा त्यांचा मुद्दा. तो अगदी टाकाऊ नाही. लवादाकडे आणि न्यायालयात जाऊन जे मिळेल त्यापेक्षा आज वीस टक्के बरे, असे लेखा विभाग म्हणू शकतो. पण आज यांना वीस टक्क्यांत सोडले, तर पुढच्या हंगामात बिलातून कपात करू देणारा सभासद आम्हांला काय म्हणेल, ते आम्ही त्या मेळाव्यात ऐकले आहे. आणि एकदा सोडले की 'पुढच्या वर्षी आणखी कमी होईल' म्हणून थांबणारे निपजतात. २०२२ आणि २०२३ ची गोष्ट वर सांगितलीच आहे.

सबब शेती विभागाने मंडळाला दिलेला अभिप्राय असा आहे. या तिसऱ्या प्रकारात मुदलात एक रुपयाही सोडू नये. व्याजात सूट द्यावयाची झाली तर एकदाच द्यावी. आणि जितक्या टक्के व्याज थकबाकीदाराला सोडले जाईल, तितक्याच टक्के व्याज, ज्या सभासदांनी गेल्या पाच वर्षांत उशिरा का होईना पण व्याजासकट उधारी फेडली, त्यांच्या खात्यावरही जमा करावे. यात कारखान्याचा पैसा जातो, हे खरे. लेखा विभागाने त्यावर नाक मुरडलेच. त्यांचे म्हणणे, भरलेले व्याज उत्पन्नात धरले गेले, लेखापरीक्षण झाले, आता मागे कुठे जाता? त्यावर आमचे उत्तर असे, की दहा वर्षांमागचा आयकराचा हिशेब उघडता येतो तर आपल्या पाच वर्षांच्या वह्या उघडण्यास हरकत नसावी. मंडळ काय ठरविते ते सभेत कळेलच. आमचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही, आणि सभेत त्यावर बोलण्याचा आपला हक्क आहेच.

तोपर्यंत एक काम सर्वांनी करावयाचे आहे. विवादित आणि अविवादित अशा दोन वेगळ्या याद्या प्रत्येक गट कार्यालयात फलकावर लावल्या आहेत. आपले नाव कोणत्या यादीत आहे ते पाहावे. अविवादित यादीत चुकून पडले असेल, तर पोत्यांची पावती, बेण्याची चिठ्ठी, किंवा न उगवलेल्या प्लॉटचा पंचनामा घेऊन गट अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. पावती हरवली असल्यास चिटबॉयच्या वहीतील नोंद चालेल. महापुरात ज्यांची कागदपत्रे गेली त्यांना तलाठ्याकडील पंचनाम्याची नक्कल पुरेल. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवसापर्यंत आलेल्या हरकतींचीच तपासणी सभेपूर्वी होऊ शकेल.

पाचट कुजविण्याचा राहिलेला भाग पुढील अंकी देऊ.